मारियो-स्मरण (गोवा)

व्यंगचित्रकार मारियो मिरांडा (२ मे १९२६ – ११ डिसेंबर २०११) यांच्या पश्चात चाहत्यांनी गोव्यात चालू ठेवलेली स्मरणाची रीत. मारियोंचा जन्म दमणचा, घर सासष्टीतील लोटलीचे. निधनही तेथेच झाले. मुंबईत ‘इलस्ट्रेटेड वीकली’ आणि टाइम्स समूहाच्या दैनिकांतून मिस फोन्सेका, मिस निंबूपानी, मंत्री बंडलदास ही पात्रे त्यांनी घरोघरी पोचवली. पद्मश्री (१९८८) व पद्मभूषण (२००२) हयातीत मिळाले, पद्मविभूषण (२०१२) मरणोत्तर. गोव्यात मात्र ते नुसते ‘मारियो’.

स्मरणाच्या तारखा दोन. ११ डिसेंबर पणजीच्या चर्चच्या ८ तारखेच्या फेस्तामागोमाग (जत्रेमागोमाग), पर्यटनाच्या ऐन हंगामात येतो. २ मे सुट्टीत पडतो, त्यामुळे मुलांच्या चित्रकलेला तोच सोयीचा. नव्वदाव्या जयंतीला, २०१६ मध्ये, गूगलनेही मुखपृष्ठावर त्यांच्या धाटणीचे चित्र लावले होते. पण मारियो वर्षभर दिसतात ते भिंतींवर : पर्वरीजवळच्या तोर्डा येथील त्यांच्या चित्रदालनात, पणजीच्या बाजारसंकुलात आणि घरांच्या फाटकाशेजारी, नावाच्या पाटीखाली बसवलेल्या आझुलेजो (पोर्तुगीज धर्तीच्या रंगवलेल्या, चकचकीत) फरशांवर.

फरशीचे काम वाटते तितके सोपे नाही. साधारण १५ × १५ सेंमी. च्या पांढऱ्या, चकचकीत फरशा जुळवून मागे क्रमांक घालतात. हे आकडे भट्टीच्याच रंगाने लिहावेत. मार्करचे जळून जातात आणि मग भाजलेल्या फरशांचा मेळ लावत बसावे लागते. फरशी स्पिरिटने पुसून घेतात, कारण बोटाचा तेलकट डाग राहिला तर तेवढ्या जागी रंग फाटतो. ट्रेसिंग कागदावर उतरवलेल्या रेषांवर सुईने भोके पाडून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटतात. उमटलेल्या ठिपक्यांवरून बारीक, लांब केसांच्या ब्रशने रेषा ओढतात. भाजणी सुमारे ८०० अंश सेल्सिअसला. थर जाड असेल तर पापुद्रा सुटतो. भट्टी निवण्याआधी दार उघडले तर फरशी तडकते. घरच्या ओव्हनमध्ये पक्के होणारे रंग घरातल्या भिंतीपुरते ठीक, पावसाच्या माऱ्यात ते टिकत नाहीत.

खरी डोकेदुखी जोडांची. मारियोंची चित्रे माणसांनी गच्च भरलेली असतात. मासळीबाजार घ्यायचा तर टोपलीमागे मासळीवाली, तिच्यामागे छत्रीवाला पाद्री, पायात कुत्रा, कौलावर कावळा. त्यात एखाद्याचा डोळा दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत गेला की चेहराच बिघडतो. म्हणून जाणता कारागीर आधी चेहरे हेरतो, मग चौकटी आखतो. जागा कमी पडली तर कडेच्या पट्ट्यात फिरवाफिरव करतो.

भिंतीवर चित्र मोठे करताना रेषा दगा देते. मूळ रेषा पेनाची, बारीक. चित्र दसपट केले की तीही दसपट जाड होते आणि मारियोंऐवजी रंगवायच्या पुस्तकातले पान दिसू लागते. रेषा प्रमाणापेक्षा बारीकच ठेवावी. जाळ्या, चौकड्या, फ्रॉकवरचे ठिपके कंटाळून गाळू नयेत. चित्राची अर्धी गंमत तिथेच असते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) उघड्या भिंतीवर रंग किंवा फरशी थेट चढवू नये. चिरा पाणी पितो आणि ओलीबरोबर वर येणारे क्षार रंगाला फोड आणतात. आधी गिलावा करून तो पुरता सुकू द्यावा. हे सगळे मिरगाच्या आत उरकावे.

भारतीय कायद्यानुसार चित्रांचा कॉपीराइट निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत आहे. त्यामुळे त्यांचे चित्र कपावर किंवा टी-शर्टवर छापून विकायचे तर हक्कधारकांची परवानगी लागते. त्यांच्या धाटणीत स्वतःचे नवे चित्र काढायला हरकत नाही, पण त्याखाली ‘मारियो’ अशी सही ठोकणे ही लबाडी. फरशी विकत घेताना रेषेवरून नख फिरवून पाहावे : स्टिकर असेल तर कड उचलते, भट्टीतला रंग हलत नाही.