मागचं पान कोरं सोडू नका
(आमच्या वृद्धनिवासात राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरच्यांसाठी)

"घरी आई बोलायची, इथे गप्प का?" हे दर रविवारी भेटीच्या वेळी कुणीतरी विचारतंच. उत्तर बहुतेकदा प्रवेशाच्या अर्जातच असतं. गोळ्या, बीपी, शुगरचं पुढचं पान तुम्ही चोख भरता. मागच्या पानावर मात्र 'सर्व चालते' आणि सही.

तिथे आम्हाला हवं ते असं. घरात हाक कशी मारायचे: माय, जिजी, अण्णा की मास्तर? बोली अहिराणी की लेवा गणबोली? कोणता कान बरा? हयात कशात गेली? कुणाचं नाव काढलं की रडू येतं? (गेलेल्या मुलाची चौकशी देखभाल करणाऱ्या मावशीने नकळत केली, तर तो अख्खा दिवस वाया.) रावेरकडच्या बागायतदार आजोबांना 'जेवलात का?' विचारलं तर नुसती मान हलते. 'यंदा केळीला भाव काय?' विचारलं की ताट संपेस्तोवर बोलतात, अर्धी भाकर जास्तच जाते. कागदावर काहीच नसलं तर मावशीला चाचपडत हे शोधावं लागतं. त्यात महिना जातो, आणि तोवर माणूस पलंग धरतो.

'मावशा गप्पाच मारतात' अशीही तक्रार येते. त्या गप्पा कामातच धरल्या आहेत. मुकाट्याने उरकली तर अंघोळ पंधरा मिनिटांची. आम्ही अर्धा तास देतो. एका माणसाला मावशीही शक्यतो रोज तीच ठेवतो. आमचे दर थोडे चढे आहेत ते त्यामुळे.

मावशांची बोलण्याची रीत अशी: समोर बसून, नजरेला नजर देऊन, एका वेळी एकच प्रश्न, मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. 'काय खाणार?' नाही, 'कळण्याची भाकर की खिचडी?' लहान बाळाशी बोलावं तसं बोलायला मनाई आहे. स्मृतिभ्रंशाची माणसं त्याने उलट अडून बसतात. भेटीला आल्यावर तुम्हीही 'ओळख बरं, मी कोण?' करू नका. आपलं नाव आपणच सांगा.

मात्र बोलतं माणूस एक-दोन दिवसांत अचानक गप्प झालं किंवा बरळू लागलं, तर तिथे गप्पा कामाच्या नाहीत. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, नाहीतर कानाच्या मशीनचा संपलेला सेल, हे आम्ही आधी बघतो आणि डॉक्टरांना बोलावतो. सेलचं एक जादा पाकीट देऊन ठेवा.

कोरं पान ऑफिसात मिळेल. लिहायला सवड नसेल तर फोनवर सांगा, आम्ही लिहून घेऊ. फक्त सकाळी ७ ते १० नको, तेव्हा अंघोळी आणि नाश्ता चालू असतो. प्रवेशाआधी आठवडाभर नुसतं दिवसा राहून बघायची सोय आहे. त्यालाही हे पान लागतंच.