शिकारी सुरीला दात आले कुठून?

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला की एक जुना वाद हमखास उकरला जातो. दातेरी धारेच्या महागड्या शिकारी सुरीला साध्या सुरीच्या कित्येक पट पैसे मोजावेत का? एका बाजूला ‘वीस वर्षं धार लावलेली नाही’ म्हणणारे, तर दुसऱ्या बाजूला ‘ही पाव कापायची सुरी आहे’ म्हणून हसणारे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण हे दात शिकारीसाठी जन्मलेच नव्हते.

या वादात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, ती आधी सोडवू. पात्याच्या पाठीवर करवतीसारखे दात असणे ही एक गोष्ट. खुद्द धारच अर्धगोल खाचांची असणे ही दुसरी. दोघींचे मूळ वेगळे, काम वेगळे आणि दोषही वेगळे.

पाठीवरचे दात सैन्यातून आले. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सैन्यांनी रस्ते, पूल, खंदक बांधणाऱ्या तुकड्यांना करवतीच्या पाठीच्या संगिनी दिल्या. लाकूड तोडायला वेगळे अवजार वाहायला नको, हा हिशोब. पहिल्या महायुद्धात जर्मनीची ९८/०५ नमुन्याची अशी संगीन इतकी बदनाम झाली की पुढे अनेक संगिनींचे दात घासून सपाट करण्यात आले. नंतर हे दात विमानात शिरले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी वैमानिकांसाठी कॅमिलस कंपनीची सुरी आली. कोसळलेल्या विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा फाडून बाहेर पडता यावे, यासाठी तिच्या पाठीवर दात होते. फ्लोरिडातल्या रँडल यांच्या पोकळ मुठीच्या १८ क्रमांकाच्या सुरीमागेही १९६० च्या दशकातला हाच विचार होता. पातळ पत्र्यात दात खुपसून ओढायचे, एवढेच काम. तिथे ते ठीक चालतात.

१९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ पडद्यावर आला. त्यातली सुरी आर्कान्सामधले कारागीर जिमी लाइल यांनी घडवली होती आणि तिच्या पाठीवर दातांची जोडओळ होती. मग पोकळ मुठीच्या, दातेरी पाठीच्या स्वस्त नकलांचा पूर आला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! मुठीत गेलेला पात्याचा भाग जेमतेम बोटभर, तोही एका नट-बोल्टने आवळलेला. लाकडावर दोन घाव घातले की पाते डुगडुगायला लागायचे.

हाड कापायलाही ही पाठ कुचकामी, आणि त्याचे कारण सुताराला विचारले तरी कळेल. करवतीचा एक दात किंचित डावीकडे झुकवलेला असतो, पुढचा उजवीकडे. त्यामुळे पडणारी फट पात्याच्या जाडीपेक्षा रुंद असते आणि पाते मोकळे फिरते. सुरीची पाठ पाच-सहा मिलिमीटर जाड, दात सरळ कोरलेले. फट दातांइतकीच पडते, पाते त्यात आवळले जाते, आणि ओला भुसा, चरबी दातांच्या बेचक्यात लिंपली गेली की सुरी नुसती घसरत राहते. शिवाय पाठीवर अंगठा टेकवून टोक चालवायची सोय जाते, आणि नाजूक कामात तर तीच सगळ्यात जास्त लागते.

आता धारेचे दात. हे फार जुने. शेतीच्या आरंभकाळातल्या गारगोटीच्या विळ्यांनाही दाते पाडलेले सापडतात. पिकाचे ताट गुळगुळीत धारेवरून सटकते, दात्यात अडकते. कोकणात भातकापणीला वापरला जाणारा ‘वैभव’ विळा याच तत्त्वावर चालतो. बाहेरून कडक आणि आतून मऊ किंवा तंतुमय असे काही कापायचे असले की दाते कामाला येतात: पाव, दोर, काड, पट्टा. दात्याच्या टोकावर सगळा दाब एकवटतो, साल फुटते, मग खाचेतली धार आत शिरते.

हे स्वयंपाकघरातून शिकारीपर्यंत नेण्यात न्यूयॉर्क राज्यातल्या ओलियन गावच्या ‘कटको’ या सुऱ्यांच्या ब्रँडचा वाटा मोठा. १९४९ साली ॲल्युमिनियमवाली अल्कोआ आणि सुऱ्या करणारी केस या दोन कंपन्यांनी मिळून अल्कास नावाची कंपनी काढली, तिचा हा माल. दुकानात मांडून नव्हे, विक्रेत्याने घरी येऊन, समोर कापून दाखवून विकायचा. पुढे हे काम मुख्यतः कॉलेजातल्या मुलांकडे आले. कंपनीची ‘डबल-डी’ धार एकाच बाजूने घासलेली असते. टोके पुढे, धारा खाचेत मागे. पाटावर किंवा ताटलीवर टोके टेकतात, खऱ्या धारा हवेत राहतात म्हणून टिकतात. हीच धार शिकारी सुरीलाही दिली गेली.

घरात दाखवायचा प्रयोग म्हणजे जाड दोर. ग्राहकाच्या हातात त्याचीच सुरी आणि नवी कटको देतात. ग्राहकाच्या सुरीला कित्येक महिन्यांत दगड लागलेला नसतो, आणि दोर हे तर दात्यांचे घरचे मैदान. निकाल ठरलेलाच. यात फसवणूक नाही, पण हरणाच्या पोटावर दोर नसतो.

दुसरी वाट कोलोरॅडोच्या स्पायडर्कोने काढली. १९८२ सालची तिची ‘मरिनर’ ही दातेरी धारेची घडीची सुरी खलाशांसाठी होती. ओले दोर, जाळी, पट्टे कापायला. ती गाजली आणि दशकभरात अर्धी साधी, अर्धी दातेरी अशी पाती सगळीकडे दिसू लागली. त्यांत दाते मुठीजवळ असतात. म्हणजे जिथे हाताचा सर्वाधिक ताबा असतो, नेमकी तीच जागा दात्यांना दिलेली! चार इंची पात्यात साधी धार उरते दोन-अडीच इंच. आपल्याकडे विळीवर खवणी आणि पाते शेजारी असतात, पण खवणी टोकाला. भेंडी चिरताना ती मध्ये येत नाही.

हरणावर नेमके काय होते, ते जवळून पाहू. पहिला छेद छातीच्या हाडाखाली. कातडे चिमटीत उचलून छोटी चीर घ्यायची, तिच्यात दोन बोटे घालून कातडे आणि पोटाची पातळ भिंत वर उचलायची, बोटांच्या मधून सुरी धार वर करून सरकवायची. कापायचे आतून बाहेर. हिवाळी कोटाचे केस पोकळ आणि ठिसूळ असतात. बाहेरून कापले की तुकडे होऊन मांसाला चिकटतात आणि धुऊनही जात नाहीत. साधी धार इथे एका सरळ ढकलीत जाते. दातेरी धार ढकलली तर अडते, ओढली तर हिसक्याने सुटते. त्या हिसक्यात टोक पोटाच्या पिशवीला किंवा आतड्याला लागले की आतली घाण मांसावर आलीच. नंतर कातडे सोलताना बरेचसे काम हाताच्या मुठीचेच असते. कातडे आणि मांस यांच्यातल्या पांढऱ्या पडद्यावर पात्याचा गोल भाग नुसता फिरवायचा. दाते या पडद्यात गुंततात, कातड्याला भोके पाडतात, मांसावर खरबडी रेघ सोडतात. एकाच बाजूने घासलेले पाते वर आणखी एकीकडे ओढही घेते.

दात्यांचा उपयोग अजिबात नाही असे नव्हे. श्वासनलिकेच्या कुर्च्या, गुडघ्याजवळचे स्नायुबंध, हरीण टांगायचा दोर, यांवर ते साध्या बोथट धारेपेक्षा चांगले चालतात. छातीचे हाड किंवा कमरेचे हाड फोडायचे तर मात्र घडीची छोटी करवत घ्यावी.

टिकाऊपणाचा लौकिक बव्हंशी खरा आहे. शेफील्डची कॅट्रा ही संस्था सुऱ्यांची चाचणी घेते तेव्हा ५ टक्के सिलिका मिसळलेला जाड कागद ५० न्यूटन भाराखाली पुन्हा पुन्हा कापते. त्यासाठीचे मानक आयएसओ ८४४२-५. दातेरी धार साधारणपणे साध्या धारेपेक्षा जास्त वेळ कापत राहते. पण बोथट झालेली दातेरी सुरी कापत नाही, फाडते. ते पावावर खपते, कातड्यावर नाही.

आणि बोथट झाल्यावर? साध्या पात्याला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, पुरतो: प्रत्येक बाजूने साधारण २० अंश, आधी खरखरीत बाजू, मग १००० ग्रिटची बारीक बाजू, शेवटी चामड्यावर. हंगामात दहा मिनिटांचे काम. दातेरी पात्याला निमुळती, गोल हिऱ्याची सळई लागते. ज्या बाजूला खाचा घासलेल्या आहेत तिथूनच, मूळ कोन धरून, प्रत्येक खाचेत चार-पाच हात. मागे सपाट बाजूवर धातूची बारीक किनार वळते; ती काढायला पाते दगडावर अगदी सपाट ठेवून एकदोनदा ओढायचे. इथेच बहुतेकांचे चुकते. सपाट बाजू उचलून कोन दिला की दोन-तीन वेळांत दाते आखूड होतात आणि खाचा उथळ. कटकोची सुरी तर कारखान्यातच पाठवायची असते. तिथे धार आयुष्यभर फुकट लावून मिळते, पण ऐन हंगामात सुरी टपालात असून कसे चालेल?

किमतीचा हिशोब इथे लागतो. कटकोचे पोलाद ४४०ए: कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, क्रोमियम १६ ते १८. गंजत नाही, घासायला सोपे, पण धार धरण्यात ४४०सी त्याच्या पुढे, कारण त्यात कार्बन ०.९५ टक्क्यांपासून सुरू होतो. ४४०ए ची कमतरता खाचांनी झाकली जाते. म्हणजे जादा पैसा पोलादाला नाही; तो तहहयात हमीला, अमेरिकेतल्या कारागिरीला आणि घरी येणाऱ्या विक्रेत्याला जातो. ज्याला धार लावायचीच नाही आणि दोन-तीन वर्षांत एखादे हरीण मिळते, त्याला तो सौदा परवडू शकतो. ज्याच्या हाताखालून हंगामात पाच-सहा जनावरे जातात, त्याला वीस डॉलरच्या आतबाहेर मिळणारी साधी स्वीडिश ‘मोरा’ सुरी आणि एक निसणा जास्त कामाचा.

जाणकार शिकाऱ्यांची पसंती तशीही दात्यांकडे कधी वळली नाही. बॉब लव्हलेस यांनी १९५० च्या दशकापासून घडवलेले, टोक किंचित खाली उतरलेले पाते साध्या धारेचेच. १९६४ सालची बक ११० ही घडीची सुरीही साधी. अलीकडे हॅव्हलॉनसारख्या, शस्त्रक्रियेच्या चाकूसारखे पाते बदलता येणाऱ्या सुऱ्या आल्या आणि ‘धार लावायलाच नको’ हा दातेरी सुरीचा हुकमी मुद्दाही त्यांनी घेतला. पाते जेमतेम पावणेतीन इंच, बोथट झाले की नवे. फक्त सांध्यात घालून पिळू नये. तुकडा उडतो आणि मांसात हरवतो. बदलताना बोटांनी नाही, छोट्या पकडीने धरावे.