येळवशीचा गुबारा

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडे घरात कुणी सापडत नाही, सगळं गाव शिवारात. कडब्याच्या कोपीत पूजा झाली की आजी आंबिलीच्या बिंदग्याच्या, म्हणजे मडक्याच्या, तोंडावरचं फडकं सोडायची आणि लसणाचा आंबूस वास सुटायचा. आधी पेलाभर आंबील, मग भज्जी. तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, पावटा, मेथी, रानात असेल ते सगळं तिच्यात. संध्याकाळी पोटाला गुबारा ठरलेला.

तो का धरतो, हे फार उशिरा कळलं. शेंगांच्या दाण्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा असतात. त्या तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्या आतड्यात नाहीच. त्या तशाच पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या पुढ्यात पडतात. ते त्या आंबवतात, वायू सुटतो.

शरीरातल्या अशा जिवाणूंची संख्या साधारण ३८ लाख कोटी, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींएवढीच. वजन मात्र सगळ्यांचं मिळून पावशेरही भरत नाही. चोथा, म्हणजे अन्नातला आपल्याला न पचणारा तंतुमय भाग, आंबवताना ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. म्हणजे आपलं उष्टं खाऊन ते आपल्याच भिंती लिंपतात. चाराच तोडला तर? उंदरांवरच्या २०१६च्या एका प्रयोगात चोथा बंद होताच काही जिवाणू आतड्याच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर खाऊ लागले.

शिळ्या भाकरीला नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट: भाकरी गार होते तेव्हा तिच्यातल्या पिठूळ भागाचा काही हिस्सा असा घट्ट बसतो की आपल्याला पचत नाही. तोही या जिवाणूंच्याच वाट्याला जातो.

आंबवलेल्या पदार्थांची गोष्ट वेगळी. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांना १० आठवडे दोन प्रकारचा आहार दिला, निम्म्यांना भरपूर चोथा, निम्म्यांना दही किंवा केफिर (आंबवलेलं दूध) यांसारखं आंबवलेलं. २०२१ साली निकाल छापून आला. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंचे प्रकार वाढले, चोथावाल्यांच्या तेवढ्या काळात वाढले नाहीत. माणसं थोडी होती, तेव्हा लगेच नाचायला नको. पण येळवशीच्या पानात दोन्ही असतं, हे मला मजेशीर वाटतं.

आंबिलीसाठी आजी ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवून, पार गार झाल्यावर ताक घालायची. शेजारच्या काकू ताकातच पीठ उकळायच्या, म्हणजे त्यांच्या ताकातले जिवाणू चुलीवरच संपायचे. दोघी एकमेकींच्या बिंदग्यातलं चाखून तोंड वाकडं करायच्या.