त्साइडलर : जंगलातल्या मधावरून पडलेलं आडनाव

चेक प्रजासत्ताकाच्या अगदी उत्तरेला, जर्मनीच्या हद्दीत घुसलेल्या श्लुक्नॉव्हच्या पट्ट्यात ब्रत्नीकी नावाचं लहानसं गाव आहे. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तिथे जर्मन बोलणारे लोक राहत आणि ते आपल्या गावाला 'त्साइडलर' म्हणत. नावं दोन भाषांतली, पण अर्थ एकच. चेक 'ब्रत्नीक' आणि जर्मन 'त्साइडलर' म्हणजे जंगलातल्या उंच झाडांच्या पोटात मधमाश्या राखणारा माणूस. गावातले जर्मन गेले आणि जर्मन नावही गेलं, पण हाच शब्द आडनाव होऊन जर्मनीत अजून टिकून आहे. म्युलर, श्मिट, श्नायडर या आडनावांच्या गर्दीत तो क्वचितच भेटतो. ज्यांचं हे आडनाव आहे, त्यांतल्याही अनेकांना त्याचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागतो.

याचं कारण असं की आजच्या जर्मनमध्ये मधमाश्या पाळणाऱ्याला 'इमकर' म्हणतात. हा शब्द उत्तरेकडच्या बोलीतून आला. तिकडच्या उघड्या माळांवर गवताच्या विणलेल्या टोपल्यांत माश्या पाळत. 'इमं' म्हणजे माश्यांचा थवा आणि 'कार' म्हणजे भांडं किंवा टोपली. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे, जिथे मैलोन् मैल पाइनची जंगलं होती, तिथे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या जर्मनमध्ये 'त्सीडलारी' असा शब्द होता. पुढे उच्चारातल्या दीर्घ 'ई'चा 'आइ' झाला आणि त्सीडलरचा त्साइडलर झाला. पोळं कापून मध काढण्याला 'त्साइडेल्न' असं क्रियापदही होतं. इमकर प्रमाणभाषेत स्थिरावला, तसा हा जुना शब्द रोजच्या बोलण्यातून हटला आणि आडनावांत व गावांच्या नावांत उरला. रेगेन्सबुर्गजवळचं त्साइटलार्न हे गाव त्यातलंच. त्याचा मूळ अर्थ 'त्साइडलरांकडे', म्हणजे ही मंडळी राहतात ती जागा.

हे काम समजून घेतल्याशिवाय आडनाव इतकं विरळ का आणि ठरावीक भागांतच का, हे कळत नाही. त्साइडलर पेट्या ठेवत नसे. तो जंगलातलं जाडजूड, जुनं, जिवंत झाड निवडायचा, बहुतेक वेळा पाइनचं. जमिनीपासून पाच-सहा मीटर उंचीवर, दोरावर लटकून, तो त्या खोडात माणसाच्या हाताएवढी खोल पोकळी कोरायचा. या पोकळीला 'बॉइटं' म्हणत, आणि त्यावरून बॉइटनर हे आणखी एक आडनाव पडलं. पोकळीच्या तोंडाला फळी बसवायची, माश्यांना ये-जा करायला बारीक फट ठेवायची आणि आत मेण चोळून थवा येण्याची वाट पाहायची. वाऱ्याने झाड कोरलेल्या जागी मोडू नये म्हणून शेंडा छाटून टाकत. अस्वलांचा उपद्रव मोठा होता, म्हणून पोकळीसमोर दोराने एक जड ओंडका टांगून ठेवत. अस्वलाने तो बाजूला ढकलला की तो परत येऊन त्यालाच बसे. झाडावर कुऱ्हाडीने मालकाची खूण कोरलेली असे. जमीन राजाची किंवा सरदाराची, पण त्या झाडातला मध त्साइडलरचा, आणि हा हक्क बापाकडून मुलाकडे जाई.

आपल्याकडे सह्याद्रीच्या कड्यांवरून आग्या मोहोळ उतरवणाऱ्यांचं धाडस पाहिलं की उंचावरच्या या कामाची थोडी कल्पना येते. फरक असा की त्साइडलर मोहोळ शोधत फिरत नसे. त्याची झाडं ठरलेली होती. तो दर वर्षी त्यांच्याकडे जाई, पोळ्याचा एक भाग कापून घेई आणि थंडीपुरता मध माश्यांसाठी मागे ठेवी. एका पिढीने कोरलेल्या झाडातून पुढच्या पिढ्या मध काढत. खोड कोरताना जी सावकाशी लागते, तीच या धंद्याच्या सगळ्या व्यवहारात दिसते.

या धंद्याचं सगळ्यांत मोठं केंद्र म्हणजे न्युर्नबेर्ग शहराभोवतीचं शाही जंगल, राइक्सवाल्ड. मध्ययुगात त्याला 'साम्राज्याची मधमाश्यांची बाग' असं म्हणत. पुढे सम्राट झालेल्या चौथ्या कार्लने १३५० साली इथल्या त्साइडलरांना सनद देऊन त्यांचे हक्क पक्के केले. त्यांना क्रॉसबो, म्हणजे खटक्याने बाण सोडणारं आडवं धनुष्य, बाळगण्याची मुभा होती, जी साध्या शेतकऱ्याला सहजासहजी मिळत नसे. साम्राज्याच्या शहरांत त्यांना जकात माफ होती. बदल्यात त्यांनी मधाच्या रूपाने खंडणी द्यायची आणि गरज पडेल तेव्हा राजासाठी क्रॉसबो घेऊन उभं राहायचं. त्यांचं स्वतःचं न्यायालयही होतं. ते न्युर्नबेर्गच्या आग्नेयेला असलेल्या फॉइश्ट या गावी भरे आणि मधमाश्यांविषयीचे तंटे तिथेच सुटत. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे न्यायालय चाललं. आज फॉइश्टमध्ये या धंद्याचं छोटं संग्रहालय आहे.

एवढे हक्क एका मध काढणाऱ्याला का मिळावेत? साखर दुर्मीळ होती, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. मधाइतकीच, किंबहुना जास्त, किंमत मेणाला होती. चर्चच्या वेदीवर मेणबत्ती जळायची, राजपत्रावर मेणाची मोहोर उमटायची, आणि हे सगळं मेण माश्यांकडूनच येत होतं. मधाचं म्हणाल तर न्युर्नबेर्गची लेबकुखन ही मसालेदार, मधाची भाकरीवजा मिठाई याच जंगलावर उभी राहिली. ती करणाऱ्या भटारखानेवाल्याची शहरातली नोंद १३९५ची आहे, आणि त्यांचा स्वतंत्र संघ १६४३ साली झाला. पूर्वेकडच्या व्यापारी वाटांवरून येणारे मसाले आणि जवळच्या जंगलातला मध एकाच शहरात भेटले.

जंगलही या काळात बदलत होतं. धातुकाम, कोळसा आणि बांधकाम यांनी राइक्सवाल्ड उजाड होत चालला, तेव्हा १३६८ साली पेटर श्ट्रोमर या न्युर्नबेर्गच्या व्यापाऱ्याने तिथे सूचिपर्णी झाडांचं बी पेरून जंगल पुन्हा उभं करायला सुरुवात केली. झाडं तोडण्याऐवजी पेरण्याचा हा युरोपातला फार जुना प्रयोग मानला जातो. पण पाइन वाढला आणि फुलणाऱ्या पानगळीच्या झाडांचा वाटा घटत गेला. इमारती लाकूड पिकवणाऱ्याला पोट कोरलेलं, शेंडा छाटलेलं झाड नुकसानीचं वाटू लागलं, तशी त्साइडलरची आणि वनखात्याची हितं एकमेकांविरुद्ध गेली.

धंदा एका घावात संपला नाही. १५२५ साली न्युर्नबेर्गने लूथरचा पंथ स्वीकारला आणि धर्मसुधारणा झालेल्या सगळ्याच प्रदेशांत चर्चचा मेणाचा खप उतरला. १६१८ ते १६४८च्या तीस वर्षांच्या युद्धात माणसं आणि गावं उद्ध्वस्त झाली. मग आली साखर. १७४७ साली बर्लिनमध्ये आंद्रेआस मार्ग्राफने बीटाच्या कंदात उसासारखीच साखर असल्याचं दाखवून दिलं, आणि त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ साली सायलेशियातल्या (आज हा प्रदेश मुख्यतः पोलंडमध्ये आहे) कुनेर्न इथे बीटाच्या साखरेचा पहिला कारखाना काढला. सायलेशिया हा त्साइडलरांच्या जुन्या मुलखांपैकी एक. दरम्यान माश्या जंगलातून घराजवळ, ओंडक्याच्या आणि पुढे लाकडी पेट्यांमध्ये आल्या. पूर्व जर्मनीच्या लाउझित्स भागातला, तिथल्या सोर्ब या स्लाव्ह समाजाचा पाद्री आडाम गॉटलोब शिराख याने १७६६ साली मधमाश्यापालकांची संस्था काढली, आणि साध्या कामकरी माशीच्या अळीपासून राणीमाशी तयार करता येते हे तपासून दाखवलं. जंगलातला मध परसात आला आणि झाडावर चढणाऱ्याची गरज संपत गेली.

आता आडनावाकडे. जर्मन मुलखात आडनावांची चाल बाराव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत सुरू झाली आणि पंधराव्या-सोळाव्या शतकापर्यंत बहुतेक ठिकाणी पोहोचली. धंद्यावरून पडलेल्या नावांत म्युलर, म्हणजे गिरणीवाला, सगळ्यांत पुढे आहे, कारण जिथे गाव तिथे गिरणी होतीच. लोहार, शिंपी यांचंही तसंच. त्साइडलर मात्र ठरावीक जंगलांत, ठरावीक घराण्यांच्या हक्काने होता. जिथे गिरण्या हजारो होत्या, तिथे ही घराणी मोजकी. म्हणून आडनावही मोजक्या ठिकाणीच रुजलं.

माझ्या दृष्टीने धंद्यावरून पडलेल्या जर्मन आडनावांचं खरं मोल इथेच आहे. त्यांत पाचशे वर्षांपूर्वीच्या बोलींचा नकाशा गोठून राहिला आहे. कुंभाराचंच पाहा. पूर्वेकडे तो ट्योप्फर, दक्षिणेत हाफ्नर, हेसेनच्या बाजूला ऑइलर आणि वायव्येला प्योटर. प्रमाणभाषेने पुढे एकच शब्द निवडला, पण लोकांच्या आडनावांतून तिला काहीही खोडता आलं नाही. मराठीत पोतदार, चिटणीस, सबनीस ही आडनावं घेताना आपण ज्या कारभाराचं नाव उच्चारतो तो केव्हाच गेला. जर्मनीत तसंच झालं, फक्त त्यांच्याकडे आडनावावरून धंद्याबरोबर तो कुठल्या भागातला हेही ओळखता येतं.

त्साइडलरचं एक जुळं आडनाव आहे, त्साइटलर. फ्रँकोनिया आणि बव्हेरियाच्या बोलींत 'ट' आणि 'ड' यांच्यातला फरक कानाला जवळजवळ लागत नाही. कारकुनाने ऐकलं ते आपल्या समजुतीने लिहिलं, आणि 'त्साइट' हा शब्द त्याच्या हाताशी होताच. त्साइट म्हणजे वेळ, काळ. त्यामुळे आज हे आडनाव वाचणाऱ्याला घड्याळजीची आठवण होते, आणि माश्या मनात येतही नाहीत. १ जानेवारी १८७६पासून संपूर्ण जर्मन साम्राज्यात जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली, आणि ज्या घराला जे स्पेलिंग लागलं होतं ते कायमचं चिकटलं. अशा वेळी आणखी एक गोंधळ टाळायला हवा. झाइडल हे कितीतरी अधिक आढळणारं आडनाव ऐकायला जवळचं वाटतं, पण ते प्रामुख्याने झीगफ्रीड या नावाच्या लाडक्या रूपातून आलं आहे. त्याचा मधाशी संबंध नाही.

फ्रायबुर्ग आणि माइन्त्स विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी २००५ सालच्या घरगुती टेलिफोन जोडण्यांवरून जर्मन आडनावांचे नकाशे तयार केले. कल्पना साधी आहे : कुठल्या टपाल विभागात कुठलं आडनाव किती वेळा येतं ते मोजायचं. अशा तऱ्हेने पाहिलं की 'ट'वाला त्साइटलर ओबरफाल्झ आणि वरच्या फ्रँकोनियात, म्हणजे बव्हेरियाच्या ईशान्येला जमलेला दिसतो, आणि 'ड'वाला त्साइडलर सॅक्सनीकडे झुकलेला. दोन्ही भाग जुन्या पाइन-जंगलांच्या पट्ट्यातले.

पण या नकाशाला एक मोठी भेग आहे, आणि ती लक्षात न घेता त्यावर बोट ठेवणं चुकीचं ठरेल. १९४५नंतर सायलेशिया, बोहेमिया आणि पूर्वेकडच्या इतर भागांतून सुमारे एक कोटी वीस लाख जर्मन भाषकांना घरं सोडावी लागली. ब्रत्नीकीसारखी गावं रिकामी झाली. तिथली आडनावं रेल्वेच्या डब्यांतून, हातगाड्यांवरून पश्चिमेला आली आणि जिथे निवारा मिळाला तिथे टेकली. म्हणून उत्तर जर्मनीतल्या एखाद्या शहरात आज त्साइडलर सापडला, तर तिथे कधी काळी मधाची झाडं होती असं अनुमान काढता येत नाही. बहुधा कुणाची तरी आजी एका थंड दिवशी तिथे उतरली होती, एवढंच.

आडनाव समुद्रापारही गेलं. अमेरिकेतल्या मिलवॉकी या जर्मन वस्तीच्या शहरात कार्ल त्साइडलर १९४० साली महापौर झाला. दोन वर्षांत तो नौदलात गेला आणि जहाजासह समुद्रात हरवला. त्याचा धाकटा भाऊ फ्रँक १९४८ ते १९६० महापौर होता, आणि अमेरिकेतल्या मोठ्या शहराचा तो शेवटचा समाजवादी महापौर म्हणून ओळखला जातो. टोरोंटोचं ईटन सेंटर उभारणारा वास्तुरचनाकार एबरहार्ड त्साइडलर, आणि लाइपत्सिगच्या गणित संस्थेचा संस्थापक संचालक असलेला त्याच नावाचा गणितज्ञ, हेही याच आडनावाचे.

या सगळ्यांत मला सर्वांत विचारात पाडतो तो ओटमार त्साइडलर. व्हिएन्नाचा हा रसायनशास्त्रज्ञ १८७४ साली स्ट्रासबुर्गमध्ये आडोल्फ फॉन बायरच्या हाताखाली काम करत होता. त्याने एक नवं संयुग तयार केलं, त्याची नोंद केली आणि विषय सोडून दिला. ते संयुग म्हणजे डीडीटी. कीटक मारण्याची त्याची ताकद १९३९ साली स्वित्झर्लंडच्या पाउल म्युलरने ओळखली, आणि १९४८ साली त्याला नोबेल मिळालं. मधमाश्या राखणाऱ्याच्या आडनावाच्या माणसाने ते बनवलं, आणि सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावाच्या माणसाने ते कीटकांवर चालवलं. १९५३ साली सुरू झालेल्या मलेरिया-नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आपल्या गावोगावच्या भिंतींवर जे फवारलं गेलं, ते हेच. रायगडमधल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यातही ते तयार होत असे. त्याने लाखो लोकांचे जीव वाचवले, आणि मधमाश्यांसह कितीतरी जिवांवर घाव घातला. ओटमारला यातलं काहीही कळण्याचा प्रश्नच नव्हता. तो १९११ साली वारला.

त्साइडलरचा धंदा मात्र अगदीच मेला नाही. रशियातल्या दक्षिण उरल पर्वतातल्या बाश्किर लोकांकडे झाडातल्या माश्या राखण्याची रीत अखंड टिकली होती. त्यांच्याकडून ती शिकून पोलंडच्या वनकर्मचाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या जंगलांत पुन्हा झाडं कोरायला घेतली. २०२० साली पोलंड आणि बेलारूसची ही परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. पोलिश भाषेत या माणसाला 'बार्तनिक' म्हणतात, आणि तेही तिथलं आडनाव आहे. जर्मनीतही आता दोर आणि कोरणी घेऊन झाडावर चढायला शिकणारे लोक आहेत. आपल्या कामाचं नाव सांगताना ते 'इमकर' म्हणत नाहीत, जुनाच शब्द वापरतात.