आठ ट्रॅक म्हणजे आठ माईक नव्हेत

आमच्या बेळगाव-खानापूर भागात कुणी मल्टिट्रॅक रेकॉर्डर, म्हणजे एकेक आवाज सुटा साठवणारं मशीन, घेतला की फोन ठरलेला. "अण्णा, दुकानदार आठ ट्रॅकचं म्हणाला आणि माईक लावायला जागा दोनच हायत की, फसवलं काय?" कुणी फसवलं नाही बाबा, ट्रॅक वेगळा आणि इनपुट वेगळा.

इनपुट म्हणजे माईक लावायचं सॉकेट, ते तुम्हाला येतंच, गणपतीत मंडळाचा मिक्सर हाताळलाय ना? तेच इथं. माईक लावा, कंडेन्सर जातीचा, म्हणजे वीज लागणारा असेल तर त्याला वीज देणारं 48 व्होल्ट फँटम ऑन करा, सगळ्यात मोठा आवाज मीटरवर -12 डीबीच्या आसपास राहील एवढाच गेन, म्हणजे माईकच्या आवाजाची वाढ, द्या, झालं.

ट्रॅक म्हणजे मशीनच्या मेमरी कार्डावर एकेक आवाज सुटा ठेवायची जागा, आणि ती जागा एकाच वेळी सगळी भरता येते असं अजिबात नाही. टॅसकॅम कंपनीचं डीपी-008ईएक्स बघा, ट्रॅक 8 पण एका वेळी रेकॉर्ड होणार 2. डीपी-24एसडीला ट्रॅक 24, एका वेळी 8. झूम कंपनीचं आर8 म्हणजे 8 आणि 2, आर16 म्हणजे 16 आणि 8. नावात मिरवतो तो ट्रॅकचा आकडा, खरा बघायचा तो दुसरा, आणि तोच कुणी विचारत नाही.

आता टिळकवाडीतल्या खोलीत एकटाच गिटार वाजवून गाणारा असेल तर त्याला दोन इनपुट रग्गड झाले. आधी गिटार, मग हेडफोनवर ती ऐकत गाणं, मग त्यावर अजून काय हवं ते, आठ ट्रॅक आरामात भरतील. पण भजनी मंडळाला हे जमत नाही. बुवा, पेटी, पखवाज, टाळ, मागचे गाणारे, सगळे एकमेकांकडे बघून वाजवतात, गजर सुरू झाला की लय चढत जाते, तिथं पखवाजवाल्याला मेट्रोनोम, म्हणजे एकसारखी टिकटिक, लावून एकटा बसवलात तर भजन मेलंच म्हणून समजा. अशांनी आठ इनपुटचंच मशीन घ्यावं, नाहीतर भाड्यानं आणावं, पण दोन इनपुटवर ओढाताण करू नये.

मग एखादा शहाणा सांगतो, मधे मिक्सर लाव, आठ माईक दोन इनपुटात घाल. लागतात की, नाही कोण म्हणतंय! पण कार्डावर ट्रॅक भरतात दोनच आणि त्यात सगळं कालवलेलं. घरी येऊन ऐकलं तर पखवाज बुवांच्या डोक्यावर बसलाय, आता फक्त पखवाज कमी करा म्हणे. पिठात कालवलेलं मीठ वेचून काढता येतंय काय? थेट कार्यक्रमाची आठवण म्हणून ठीक आहे, पण त्याला मल्टिट्रॅक म्हणू नका, माझं डोकं उठतं.

याच गोंधळाचं दुसरं टोक म्हणजे असाइन, म्हणजे कुठला इनपुट कुठल्या ट्रॅकवर जाणार ते ठरवणं. पेटी इनपुट 1 मधून ट्रॅक 1 वर घेतली, मग त्याच सॉकेटात गाण्याचा माईक लावला, रेकॉर्ड दाबलं आणि पेटी गायब. सॉकेट तोच चालतो हो, पण त्याला ट्रॅक 2 वर असाइन करायचं, ट्रॅक 1 चं रेक बटण बंद करून 2 चं दाबायचं, लाल दिवा कुठं लागलाय बघायचं आणि मगच वाजवायचं. अनडू असतं, पण लगेच लक्षात आलं तर.

आवाज किती बारकाईनं साठवायचा, 24 बिट की 16, यावर वाद घालत बसू नका, 24 ठेवा. 44.1 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने घेताना, एका मोनो ट्रॅकला मिनिटाला 8 एमबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे आठ ट्रॅकचं तासभराचं भजन पावणेचार जीबीच्या घरात. आणि रेकॉर्डिंग चालू असताना करंट गेला तर घेतलेलं हाताला लागेलच असं नाही, आमच्याकडं पावसाळ्यात हे ठरलेलंच, तेव्हा अ‍ॅडॉप्टर यूपीएसवर लावा.

सेकंडहँड घेणार असाल तर एक माईक घेऊन जा आणि प्रत्येक इनपुटला लावून बघा, विकणारा पहिल्या दोनच दाखवतो.