मरियप्पन थंगवेलू: चार सेंटीमीटरमधली तीन पदकं

पॅरालिम्पिकमधली उंच उडी. रिओ २०१६: १.८९ मीटर, सुवर्ण. टोकियो: १.८६, रौप्य. पॅरिस २०२४: १.८५, कांस्य. नुसते रंग पाहिले तर ही उतरंड वाटते. पण आठ वर्षांत फरक पडलाय अवघा चार सेंटीमीटरचा. त्याची उडी जवळपास तिथेच राहिली, बदलली ती आजूबाजूची स्पर्धा.

मरियप्पनचा जन्म १९९५ सालचा, तमिळनाडूतल्या सेलम जिल्ह्यातला. पाच वर्षांचा असताना शाळेत जाताना बसखाली त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला आणि त्या पायाची वाढ खुंटली. आई सरोजा यांनी विटा वाहिल्या, भाजी विकली. शाळेतल्या पीटीच्या शिक्षकांनी त्याला उंच उडीकडे वळवलं. पुढे बंगळुरूचे प्रशिक्षक सत्यनारायण यांनी त्याला हेरलं.

त्याआधी भारतासाठी ही वाट उघडली होती ती उंच उडीपटू गिरीशा नागराजेगौडाने, लंडन २०१२ च्या पॅरालिम्पिकमध्ये. तिथे पहिले तिघेही १.७४ मीटरवर थांबले होते. अशा वेळी त्या उंचीवर कमी वेळा दांडी पाडणारा वर जातो. तिथेही बरोबरी असेल तर तोवरच्या एकूण चुका मोजतात. या हिशोबात सुवर्ण फिजीच्या इलिसा डेलानाला गेलं. एक पाय नसलेला डेलाना कृत्रिम पाय न लावता लंगडी घालतच दांडीकडे जायचा. गिरीशाला रौप्य मिळालं.

पायातला दोष असलेल्या खेळाडूची खरी परीक्षा हवेत नसते, ती शेवटच्या दोन पावलांत असते. दांडीकडे धावत येताना वळणावर आलेला वेग उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या पावलावर शरीर किंचित खाली घेऊन पुढच्या पावलाने वर वळवायचा असतो. ही दोन पावलं दोन वेगळ्या पायांची. म्हणजे चांगल्या पायाने उसळी घ्यायची ठरवली, तरी उपान्त्य पाऊल कमजोर पायावरच पडतं. तो पाय डळमळला की वेग मरतो आणि उडी वर जाण्याऐवजी दांडीवर जाते. त्यामुळे पावलांची खूण अर्धा फूट चुकली तरी महागात पडते.

मार्च २०१६ मध्ये ट्युनिशियात मरियप्पनने १.७८ मीटर पार केले. रिओच्या पात्रतेसाठी १.६० पुरेसे होते. रिओत १.८९ वर सुवर्ण. अमेरिकेचा सॅम ग्रुई आणि आपला वरुण सिंग भाटी दोघेही १.८६ वर, पण चुकांच्या हिशोबात रौप्य ग्रुईला. मुरलीकांत पेटकर आणि देवेंद्र झाझरिया यांच्यानंतर पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकणारा मरियप्पन हा तिसरा भारतीय.

पायातल्या दोषानुसार खेळाडूंचे गट पाडले जातात. २०१८ पासून हे वर्गीकरण बदललं. कृत्रिम पाय लावून खेळणारे टी-६३ या नव्या गटात गेले, न लावणारे टी-४२ या जुन्याच गटात राहिले. मोठ्या स्पर्धांत मात्र दोघांची उंच उडी एकत्रच होत राहिली. त्याच वर्षी जकार्तातल्या आशियाई पॅरा स्पर्धेत मरियप्पन १.६७ वर अडकला, तरी कांस्य मिळालं. भारताच्याच शरद कुमारने तिथे १.९० मारली. २०१९ च्या दुबईतल्या जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धेत १.८० आणि पुन्हा कांस्य.

टोकियोत उद्घाटनाला तिरंगा त्याच्या हाती असायचा होता. पण विमान प्रवासात कोरोनाबाधिताचा संपर्क आल्याने त्याला विलगीकरणात ठेवलं आणि तो मान संघातल्याच टेक चंदकडे गेला. ३१ ऑगस्ट २०२१ ला अंतिम फेरीत पाऊस लागला. १.८० नंतर आपल्या अधू पायातला मोजा भिजला आणि उडी जड गेली, असं त्याने नंतर सांगितलं. भिजलेला मोजा पायात सरकतो, पकड सुटते. कमजोर पायाला त्याची भरपाई करायला ताकद नसते. १.८८ वर ग्रुई दोनदा चुकला, तिसऱ्या प्रयत्नात पार गेला. मरियप्पनला ते जमलं नाही.

२०२४ मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत हीच १.८८ पार करून त्याने सुवर्ण घेतलं. तीन-चार महिन्यांनी पॅरिसमध्ये ब्लेडवर, म्हणजे पात्यासारख्या कृत्रिम पायावर, धावणाऱ्या अमेरिकेच्या एझ्रा फ्रेकने १.९४ मारली. शरद १.८८, मरियप्पन १.८५. रिओतली त्याची १.८९ त्या दिवशी रौप्यापर्यंतच पोहोचली असती.