तटाला सिमेंट का सोसत नाही

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी हे चार कोकण किनाऱ्याचे. डागडुजी म्हटली की आपल्याकडे आधी सिमेंटच आठवते. खाऱ्या वाऱ्यातल्या जुन्या तटाला त्याच्यासारखा घात नाही.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते, खाली आली की पुन्हा स्फटिक धरते. कोकणात कोरड्या दिवसांत पहाटे आर्द्रता या रेषेच्या वर असते आणि दुपारी खाली उतरते, म्हणजे दिवसाला एक फेरा. जांभ्याच्या छिद्रात वाढणारा स्फटिक छिद्राच्या भिंती रेटतो. चिऱ्यावर बोट फिरवले की तांबडी भुकटी हाताला लागते आणि खाली पांढरट साय दिसते, ती याचीच.

चुन्याचा सांधा चिऱ्याहून मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीतली ओल तिथून बाहेर पडते, मीठ तिथेच साचते, झिजतो तो सांधा. खरवडून नवा भरला की झाले. सिमेंट ओल अडवते. मग ती चिऱ्यातून वाट काढते, चिरे आत खात जातात आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे उरतात. रेवदंड्याच्या तटासारख्या काळ्या दगडाच्या भिंतीत तर दगडही पाणी पीत नाही. माथ्यावरून शिरलेला पाऊस गाभ्यात कोंडतो, आतला चुना धुपतो आणि भिंतीला पोट येते.

गूळ, उडीद, अंडी घातल्याने तट अभेद्य झाले, असे संदेश फिरतात. अशी भर घालत असत, पण बळ येते ते कार्बन डायऑक्साइडमुळे. १०० किलो शुद्ध चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की ४४ किलो वायू उडतो आणि ५६ किलो चुनकळी उरते. पाणी घालून विरवलेला हा चुना भिंतीत तोच वायू हवेतून परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. त्याला ओल लागते आणि वेळही.

म्हणून सांधे पावसाळा सरल्यावर भरावेत. सांधा रुंदीच्या निदान दुप्पट खोल खरवडून पाण्याने भिजवावा. एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली नदीची वाळू घ्यावी. ओलसर जागी थोड्या वाळूऐवजी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घालावी. वर आठवडाभर तरी ओली गोणपाटे ठेवावीत. ऊन लागून चुना लवकर सुकला, तर नखाने उकरून निघतो. पुळणीची वाळू घेऊ नये, तिच्यासोबत मीठही सांध्यात जाते.